'तिशी आली, भाव उतरला'

*ताई, मी २३ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी एका मुलीला मनातलं सांगितलं, ती नाही म्हणाली. त्याच महिन्यात नोकरी गेली. तेव्हापासून रात्र रात्र जागून पुरुषांनी कसं जगावं हे सांगणारे व्हिडिओ बघतो. व्यायाम सुरू झाला, सिगारेट सुटली. पण तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या बहिणीशी वाद झाला आणि मी तिला म्हणालो, 'तिशी आली तुझी, बाजारात भाव उतरलाय आता.' ती गप्प बसली. अजून बोलत नाही. माझं चुकलं हे कळतंय. पण ते लोक सांगतात त्यातलं काहीतरी खरं असेलच ना? ऐंशी टक्के मुली वीस टक्के मुलांच्याच मागे असतात, स्त्रीवादामुळे साध्या मुलांना किंमत उरली नाही, हे सगळं खोटं आहे का? आणि माफी मागितली तर मी कमजोर ठरेन का?*

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

भांडताना भाऊ बहिणीला 'शिष्ट' म्हणतो, 'मोठी आलीस शहाणी' म्हणतो. 'भाव उतरलाय' असं म्हणत नाही. ते वाक्य तुझं नाही रे. त्या व्हिडिओवाल्यांच्या जगात बाईला 'मार्केट व्हॅल्यू' असते आणि ती वयाबरोबर घसरते, हा पहिल्या इयत्तेतला धडा आहे. तू तो रात्री दोन वाजता पाठ केलास आणि जिने तुला सगळ्यात जास्त सांभाळलं असणार, तिच्यापुढे म्हणून दाखवलास.

काहीतरी खरं आहे का, तर हो, आहे. तुझं दुखणं खरं आहे. पुरुष एकटे पडतात, मन मोकळं करत नाहीत, डॉक्टरकडे जायला लाजतात. जगभरात पुरुषांमधलं आत्महत्येचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात. तुला कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्या लोकांनी विचारलं, 'भावा, बरा आहेस ना?' त्याबद्दल मी त्यांना श्रेय देते. दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं. पण औषध भलतंच दिलं आणि दोष शेजारणीवर ढकलला.

आता ते ऐंशी-वीस. या गणिताला आधार म्हणून ओकेक्युपिड या डेटिंग साइटने २००९ मध्ये मांडलेली आकडेवारी नेहमी पुढे केली जाते. तिथल्या मुलींनी ऐंशी टक्के पुरुषांना दिसायला सरासरीपेक्षा कमी ठरवलं होतं, हे खरंच आहे. तेवढंच कापून तुला दाखवतात. त्याच लेखात पुढे होतं की या मुली मेसेज मात्र त्याच 'सरासरीपेक्षा कमी' मुलांना करत होत्या. उलट पुरुषांनी मुलींना गुण उदारपणे दिले आणि मेसेज करायची वेळ आली तेव्हा बहुतेक जण सर्वांत देखण्या मुलींच्या दारात जाऊन उभे राहिले. तेव्हा निवड कोण करत होतं, तूच ठरव.

खरा पुरुष म्हणजे लांडग्यांच्या कळपावर हुकूम गाजवणाऱ्या नरासारखा 'अल्फा', असंही ते सांगतात. त्याचीही तीच गत. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास मांडला. एका आवारात कोंडलेली, पळायला जागा नसलेली जनावरं, तिथे दादागिरी दिसणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना सर्वदूर नेली. मग त्यांनीच रानातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे अल्फा कोण, तर बाबा! पुढे स्वतःचंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. आपलं चुकलं असं चारचौघांत सांगणाऱ्या या शास्त्रज्ञाला तू कमजोर म्हणशील का? तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येताना हे लक्षात ठेव.

स्त्रीवादाने साध्या मुलांचं काय केलं ते विचारलंस. एक खटला सांगते. अमेरिकेत १९७२ मध्ये एक शिक्षिका बाळंतपणात गेली. नवऱ्याने ठरवलं, बाळाला आपणच वाढवायचं. तो गेला असता तर त्याच्या विधवेला मूल सांभाळण्यासाठी सरकारी भत्ता मिळाला असता. विधुराला मात्र कायद्यात तो नव्हता, कारण मूल सांभाळणं हे बाईचं काम! त्या बापाची बाजू लढवली रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, त्या काळातल्या नावाजलेल्या स्त्रीवादी वकिलांनी. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. मिळवणारा तो आणि सांभाळणारी ती, ही वाटणी मोडली की पुरुषाच्या खांद्यावरचंही काहीतरी उतरतं. नोकरी गेली तेव्हा 'आता मी कुणीच नाही' असं तुला वाटलं असेल, तर तो विचार स्त्रीवादाने तुझ्या डोक्यात घातलेला नाही. तो त्याच्याही कितीतरी आधीचा आहे.

स्त्रीवादाचं नाव घेऊन पुरुषांची सरसकट टिंगल करणारे लोक आहेत, हेही मान्य. मी त्यांच्याशीही भांडते. आणि एक बदल तुला खरोखर बोचलाय: मुली आता 'नाही' म्हणू शकतात. तिने तसं म्हटलं. पण ज्या जगात ती नाही म्हणूच शकत नव्हती, तिथल्या 'हो'चं तू काय केलं असतंस? रोज सकाळी उठून त्या 'हो'बद्दल शंकाच घेत बसला असतास.

थोडं पैशांचंही बोलू. असल्याच व्हिडिओंमुळे जगभर गाजलेल्या अँड्र्यू टेटला ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने काढून टाकलं, हे तुला माहीत असेल. पण तोवर त्याचे व्हिडिओ तुझ्यासारख्यांच्या फोनवर पोचवत कोण होतं? त्याच्या ऑनलाइन 'विद्यापीठा'ची फी दरमहा सुमारे ५० डॉलर होती आणि नवे सभासद आणून देणाऱ्या जुन्या सभासदांना दलाली मिळायची. लोकांचं डोकं फिरेल असेच तुकडे कापून टाका, म्हणजे जास्त पसरतात, असं त्यांना शिकवलं जायचं. म्हणजे तुझा राग हा तिथे कच्चा माल होता. तू उद्या समाधानी झालास, प्रेमात पडलास, रात्री अकराला झोपायला लागलास, तर तू त्यांच्या काय कामाचा?

आता माफी. बहिणीला मेसेज पाठवू नकोस. समोर जा. 'मी तुला असं असं म्हणालो' हे ते वाक्य उच्चारून सांग. 'काहीतरी बोलून गेलो' असं गुळमुळीत नको. मग म्हण, 'ते चूक होतं आणि त्याने तुला लागलं.' इथे थांब. 'पण तूही' हे दोन शब्द जिभेवर येतील, ते गिळ. नोकरीचं, त्या मुलीचं रडगाणंही त्याच दमात गाऊ नकोस, नाहीतर माफी मागणाऱ्यालाच तिने थोपटायचं अशी पाळी येईल. तिने लगेच हसून विसरावं ही अपेक्षा ठेवू नकोस. तीन आठवडे ती गप्प आहे, आणखी तीन राहू दे. तिची शांतता तिच्या मालकीची आहे. पडतं घेतलं असं होईल का? होईल. मग काय बिघडलं?

व्यायाम सोडू नकोस, सिगारेटही परत नको. ती कमाई तुझी आहे, त्यांची नाही. फोनमधला पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून टाक आणि तसले व्हिडिओ पुन्हा आले की 'नको' असं दाबत राहा. हळूहळू फोनचा सूर बदलू लागेल. नोकरी गेल्यावर ज्या मित्राला तोंड दाखवलं नाहीस, त्याला फोन कर. आणि रात्री जगणंच नको असं कधी वाटत असेल (पत्रात लिहिलं नाहीस, तरी विचारते), तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांग आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा. त्यासाठी माझ्या उत्तराची वाट बघायची नाही.

ता. क. असे व्हिडिओ एकमेकांना पाठवणाऱ्या मित्रांच्या एखाद्या ग्रुपमध्ये असशील आणि बाहेर पडावंसं वाटलं तर निरोपाचं भाषण देऊ नकोस. ते तुझी टर उडवतील, तू वाद घालशील आणि पहाटेचे तीन वाजतील. गुपचूप नीघ.