वाचकांचे प्रश्न: गेंडे बघायला खामा सँक्च्युअरीत जावं का?

प्रश्न: माझी धाकटी बहीण बोत्सवानात गॅबोरोनला असते. ती म्हणते या मग एकदा, इथून जवळ गावकऱ्यांनीच चालवलेलं गेंड्यांचं अभयारण्य आहे, खामा म्हणून, तिथे जाऊ. सोबत सासरे (वय ६८) आणि दोन मुलं, ९ आणि १२ वर्षांची. पण मिस्टर म्हणतात ते कुंपण घातलेलं आहे, म्हणजे मोठं प्राणीसंग्रहालयच की, एवढं तिकीट काढून आफ्रिकेत जायचं तर खरं जंगल बघू. खरंच जाण्यासारखं आहे का? आणि मे महिन्यात जावं की दिवाळीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, जा. नक्की जा. आणि दिवसभरात उरकून परत फिरू नका, किमान दोन रात्री राहा.

आधी कुंपणाचं बोलते, कारण तुमच्या मिस्टरांसारखंच मलाही जायच्या आधी वाटलं होतं. बोत्सवानातले पांढरे गेंडे शिकारीत जवळपास संपलेच होते, मग साठच्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेतून आणून पुन्हा सोडले, आणि नव्वदच्या सुमाराला परत तीच वेळ आली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. काळा गेंडा तर देशातून गेलाच असं धरलं होतं. तेव्हा सेरोवे गावच्या लोकांनी ठरवलं की आपल्या जमिनीवर त्यांना ठेवायचं. १९९२ ला ट्रस्ट झाला, त्यात सेरोवे, पाजे आणि माबेलेआपोडी अशी तीन गावं आहेत. इयान खामा, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते त्यावेळी लष्कराचे प्रमुख होते आणि त्या भागाच्या बांग्वाटो लोकांचे कगोसी म्हणजे प्रमुख पण, त्यांनी यात खूप जोर लावला आणि सैनिकांची मदत मिळाली म्हणून गेंडे टिकले. आज साधारण ८५ चौरस किमी एवढी जागा आहे. पिंजरा नाहीये तो, कालाहारीची वाळू, काटेरी बाभळी, मधे मोठी गवताळ सखल मैदानं ज्यांना तिकडे पॅन म्हणतात. प्राणी आपलं आपण खातात, आपलं आपण पिल्लं घालतात, कोणी चारा टाकत नाही. कुंपण आहे ते मुख्यतः बंदूकवाल्यांसाठी आहे असं समजा. सगळ्या आफ्रिकेत १९७० च्या सुमाराला ६५ हजाराच्या आसपास काळे गेंडे होते, नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अडीच हजाराच्या आत आले, आता कुठे ६ हजाराच्या वर गेलेत. एका शिंगासाठी हे सगळं, आणि ते शिंग म्हणजे आपल्या नखाचाच पदार्थ, केराटिन. आणि एवढा जीव गेला की भरून यायला वेळ किती, तर मादी पंधरा-सोळा महिने पोटात वाढवते आणि एका वेळी एकच पिल्लू.

म्हणून मला वाटतं तिथे भरलेली फी नुसतं तिकीट नसते. गेटवर जो पावती देतो, जी खोली झाडते, जो गाडीतून फिरवतो ते त्याच भागातले. शाळेच्या मुलांना राहायला जागा आहे, निसर्गशिक्षणासाठी त्यांना आणतात. तुमची मुलं योग्य वयाची आहेत, एखादी शाळेची सहल भेटली तर बोलू द्या त्यांना.

बघायचं कसं? मी पहिल्या दिवशी चार तास फिरले, जिराफ, झेब्रे, शहामृग सगळं दिसलं आणि गेंडा नाहीच, फार हिरमोड झाला होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं सेर्वे पॅनला संध्याकाळी गाडी बंद करून गप्प बसा. पाचच्या सुमाराला झाडीतून एक आला मग मागून तीन, आणि इतके जवळ की गवत उपटल्याचा चर्रर्र आवाज येत होता, कोणी गाडीत बोलेना. त्यामुळे धावपळ करू नका, सासऱ्यांनाही तेच सोयीचं पडेल. सिंह आणि हत्ती तिथे नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका. बिबट्या मात्र आहे, अंधार पडला की मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही.

महिना मे. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी, आणि आपली उन्हाळी सुट्टीही जुळते. दिवाळीच्या वेळी तिकडे ऑक्टोबरचा उकाडा असतो, प्राणी पाण्यावर येतात हे खरं पण वयस्कर माणसाला त्रास होईल. मे मध्ये सुद्धा पहाटे उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते, स्वेटर आणि कानटोपी न्याच, जून-जुलैत तर रात्री पारा शून्याजवळ जातो.

गॅबोरोनहून सेरोवे तीनशे किमीच्या थोडं वर, पलाप्येला मुख्य रस्ता सोडायचा, सेरोवेच्या पुढे पंचवीसेक किमीवर गेट. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. पण रात्री चालवू नका, रस्त्यावर गाई आणि गाढवं बसलेली असतात, तिकडचे लोक पण हेच सांगतात. आतले काही रस्ते निव्वळ वाळूचे आहेत, साधी कार असेल तर गेटवर विचारून मगच जा किंवा त्यांचीच गाडी घ्या. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ, भाजी पलाप्येतूनच भरून घ्या, स्वैपाकाची सोय असलेली घरं मिळतात. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तो आधीच काढा.

गेटवर पुरुषाला "दुमेला र्रा" आणि बाईला "दुमेला म्मा" म्हणायचं, नमस्कारासारखं. तो न घालता एकदम कामाचं बोललं तर ते लोकांना उद्धट वाटतं. पैशाला पुला म्हणतात आणि पुलाचा अर्थ पाऊस, कोरड्या देशात पैशाला हेच नाव सुचणार, मला फार आवडलं ते.

प्रश्न: आम्ही काझीरंगा बघितलंय, मग आफ्रिकेतला गेंडा वेगळा काय दिसणार?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: खूप वेगळा. आपल्याकडच्याला एकच शिंग आणि अंगावर चिलखतासारख्या घड्या, तिकडच्यांना दोन शिंगं आणि कातडी सपाट. पांढरा काही पांढरा नसतो, दोघेही राखाडीच. ओठ बघायचे. पांढऱ्याचं तोंड रुंद, सपाट, तो मान खाली घालून गवत कापत जातो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, त्याने तो फांद्या ओढून पानं खातो, झाडीत राहतो, लाजरा आणि तापट दोन्ही, त्यामुळे खामामध्येही पांढराच जास्त दिसतो. पिल्लू सोबत असलं तर अजून सोपं, पांढऱ्याचं पिल्लू आईच्या पुढे पळतं आणि काळ्याचं मागे. शिंग कापलेला गेंडा दिसला तर घाबरू नका, शिकाऱ्यांना हाती काही लागू नये म्हणून बेशुद्ध करून कापतात, दुखत नाही आणि परत वाढतं. आणि एक कळकळीची विनंती, फोटो टाकताना फोनमधलं लोकेशन बंद करा, आणि गेंडा नेमका कुठे दिसला ते लिहू नका.