ब्रोकोलीची झाडं आता काढावीत का? – हो ताई, आणि हिरवी आहेत तोवरच काढा

ताई, तुमचा प्रश्न असा की दिवाळीत लावलेल्या फुटव्याच्या ब्रोकोलीचा मधला गड्डा संक्रांतीला काढला, त्यानंतर बाजूचे कोंब खाल्ले, आता मार्च निम्मा झाला तरी झाड हिरवंगार आहे पण कोंब बारीक येतायत आणि लगेच पिवळी फुलं, मग काढावं का आणि एवढे जाड दांडे कंपोस्टमध्ये कुजतील का.

काढा. झाड वाळायची वाट बघू नका, कोंबाकडे बघा. कोंब पेन्सिलपेक्षा बारीक यायला लागले, कळ्या घट्ट न राहता एक-दोन दिवसांत उमलायला लागल्या की त्या झाडाकडून खायला मिळण्यासारखं काही राहिलं नाही. ब्रोकोली थंडीचं पीक, आपल्या सोलापुरात होळीच्या आसपास पारा पस्तिशीच्या वर जातो आणि मग झाडाला फक्त बी धरायची घाई असते, कितीही खत घाला कोंब परत जाड होत नाहीत. व्हिडिओत मे महिन्यापर्यंत कोंब काढताना दाखवतात ना, ती इंग्लंडकडची जांभळी जात, ती अख्खा हिवाळा थंडी खाऊन मग फेब्रुवारी ते मे फुटते, ते वेळापत्रक इथे लावायचंच नाही. आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज कुठे येतं, ते साठवलेलं पाणी या झाडांना पाजण्यापेक्षा गवार, चवळी, भेंडीला द्या की, उन्हाळ्यात तीच टिकतात. त्याच कुंडीत परत कोबी-फ्लॉवर-मुळा मात्र नको, एकाच कुळातले आहेत, रोग पुढे जातात.

मधमाश्यांसाठी एखादं झाड फुलू द्यायचं तर जरूर द्या, फार येतात. बी धरायच्या नादाला मात्र लागू नका, हायब्रिड असेल तर तशीच झाडं येत नाहीत.

आता दांडे. हिरवे असतानाच काढा म्हणते ते यासाठीच, ओला दांडा विळीने सहज चिरतो, एकदा वाळला की लाकूड होतं आणि महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. बोटाएवढे तुकडे करा, जाड बुडखा हातोडीने ठेचून फोडा, आत ओलावा आणि जिवाणू शिरले पाहिजेत. नुसता पाला एकावर एक टाकलात तर चिकट होऊन सडलेल्या कोबीसारखा वास सुटतो, शेजारी बोलतील, म्हणून एक घमेलं पाला तर दोन घमेली सुकं असं घ्या, वाळकी पानं, उसाचं पाचट किंवा ज्वारीचा कडबा बारीक तोडून, कडबा आपल्याकडे मिळतोच. वरून थोडा शेणकाला शिंपडा. इथल्या उन्हात ढीग सडण्याआधी सुकतो हा खरा त्रास आहे, त्यामुळे सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका, मूठभर दाबून बघितलं की हाताला ओल लागली पाहिजे पण पाणी गळता कामा नये. आठवड्याने हलवत राहा.

मावा असलेली पानं चालतील, ढिगाच्या मधोमध पुरा. पण पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही सारखा पिवळा डाग आणि शिरा काळ्या असतील तर तो घाण्या रोग, ते झाड कंपोस्टला अजिबात नको, घरच्या ढिगात तेवढी उष्णता होईलच असं नाही आणि त्या रोगाचे जिवाणू पाला पुरता कुजेपर्यंत त्यात टिकून राहतात. मुळांना गाठी असतील तरी तसंच, मुळं वेगळी काढून कचऱ्यात द्या. चांगली कोवळी पानं भाजीला घ्या, लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर मस्त लागतात. कुणाकडे शेळी असेल तर तिला थोडाच पाला द्या आणि कडब्याबरोबर द्या, एकदम जास्त खाल्ला तर पोट फुगतं.

पाला दोन-तीन महिन्यांत होऊन जाईल, म्हणजे मृगाच्या सुमारास कुंड्या भरायला खत हाताशी. चाळल्यावर जे दांडे उरतील ते पुढच्या ढिगात टाका. एक झाड उपटून मुळाचा आणि पानाच्या कडेचा फोटो टाका, बघून सांगते कुठलं कंपोस्टला चालेल.