‘शीख गुरुद्वारा’ : पिवळा पीतांबर की कायद्याची संज्ञा?

न्यायालयीन निकालांचे मराठी सारांश करणाऱ्या एका अनुवादकांनी विचारले आहे की, पंजाबातल्या एका जुन्या दाव्याच्या सारांशात त्यांनी ‘हा गुरुद्वारा शीख गुरुद्वारा आहे की नाही, हा वादाचा मुद्दा होता’ असे लिहिले, तेव्हा संपादकांनी ‘गुरुद्वारा शिखांचाच असतो, हा पिवळा पीतांबर झाला’ असे म्हणून ‘शीख’ शब्दावर काट मारली. ती योग्य आहे का? त्याच निकालात आलेल्या ‘धरमसाल’ आणि ‘डेरा’ या शब्दांना मराठीत काय म्हणावे, असेही त्यांनी विचारले आहे.

काट योग्य नाही. रोजच्या मराठीत ‘शीख गुरुद्वारा’ म्हणणे अनावश्यक आहे, हे मान्यच. नांदेडला जाणारा कोणी ‘शीख गुरुद्वाऱ्यात जाऊन आलो’ असे म्हणणार नाही. पण 1925 च्या शीख गुरुद्वारा कायद्यात ‘गुरुद्वारा’ आणि ‘शीख गुरुद्वारा’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्या दोहोंमधल्या अंतरावरच शेकडो एकर जमिनींचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. त्या कायद्याच्या सातव्या कलमाची वाक्यरचनाच पाहावी : एखाद्या गुरुद्वाऱ्यात उपासनेला जाणाऱ्या, एकवीस वर्षांवरील आणि त्याच ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्या किमान पन्नास शिखांनी ‘हा गुरुद्वारा शीख गुरुद्वारा म्हणून जाहीर करावा’ असा अर्ज सरकारकडे करायचा. लगेच पुढच्या, आठव्या कलमात उलट बाजू आहे : तिथला वंशपरंपरागत अधिकारी किंवा किमान वीस उपासक ‘हा गुरुद्वारा शीख गुरुद्वारा नाही’ असा अर्ज करू शकतात. संपादकांची काट या वाक्यांवर चालवली तर ‘हा गुरुद्वारा गुरुद्वारा नाही’ एवढेच शिल्लक राहील.

अशी चमत्कारिक शब्दयोजना का करावी लागली, हे कळायला थोडे मागे जावे लागते. पंजाबातली कित्येक स्थाने दीर्घकाळ उदासी महंतांच्या ताब्यात होती. उदासी पंथ हा गुरू नानकांचे थोरले चिरंजीव श्रीचंद यांना मानणारा. त्यांच्याकडेही ग्रंथसाहिबाचे वाचन होई, पण त्याबरोबर पूर्वीच्या महंतांच्या समाध्या आणि भस्माचा गोळाही पूजेत असे, आणि गादी गुरूकडून चेल्याकडे जाई. 1920 मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली, अकालींनी, म्हणजे सुधारणावादी शिखांनी, स्थाने ताब्यात घेण्याची चळवळ उभारली, आणि फेब्रुवारी 1921 मध्ये ननकाना साहिब येथे महंताच्या माणसांनी केलेल्या हत्याकांडानंतर हा प्रश्न कायद्याने सोडवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ज्या स्थानांबद्दल वाद नव्हता त्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टात आली. बाकीच्यांसाठी न्यायाधिकरण नेमले गेले. म्हणजे ‘गुरुद्वारा’ हे लोकांनी दिलेले नाव आणि ‘शीख गुरुद्वारा’ हा सरकारने दिलेला दर्जा. तो दर्जा मिळाला की व्यवस्थापन या कायद्याखालच्या समित्यांकडे जाते. नाही मिळाला तर महंताची वहिवाट कायम राहते.

हा दर्जा ठरवण्याच्या कसोट्या सोळाव्या कलमात आहेत. दहा गुरूंपैकी कोणी स्थापन केलेले किंवा त्यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले स्थान, शीख हुतात्म्याचे, संताचे किंवा ऐतिहासिक व्यक्तीचे स्मारक, अशा काही कसोट्यांचा निवाडा इतिहासावरून होऊ शकतो. खरी झटापट होते ती या कसोटीवर : स्थान ‘शिखांच्या सार्वजनिक उपासनेसाठी स्थापन झालेले असावे आणि शीख त्याचा तसा वापर करत असावेत’. यातला ‘आणि’ फार वजनदार आहे. आज गावातले शीख रोज तिथे माथा टेकतात, एवढे सिद्ध करून भागत नाही. स्थापनाही त्याच हेतूने झाली होती, हे दाखवावे लागते. मग दोन्ही पक्ष जुनी दप्तरे उकरतात. जमीन कोणाला माफीने, म्हणजे सारा माफ करून, मिळाली होती, आणि धारकाच्या नावापुढे ‘चेला’ किंवा ‘उदासी फकीर’ असे लिहिले आहे का, यावर युक्तिवाद रंगतात. आपल्याकडच्या देवस्थान इनामांचे दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे कागद परके वाटणार नाहीत. दप्तराबरोबर डोळ्यांना दिसणारी खूणही लागते : प्रीतमदास महंत यांच्या दाव्यात 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ग्रंथसाहिबाची स्थापना, संगतीकडून, म्हणजे जमलेल्या भाविकांकडून, त्याची होणारी उपासना आणि निशाणसाहिब, म्हणजे शिखांचा ध्वज, यांच्यावाचून शीख गुरुद्वारा होत नाही.

आता ‘धरमसाल’. हिचे ‘धर्मशाळा’ असे भाषांतर करू नये, असे माझे ठाम मत आहे. व्युत्पत्ती एकच असली तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पंढरपूरची किंवा नाशिकची, वाटसरूंच्या मुक्कामाची इमारत उभी राहते. जुन्या पंजाबीत मात्र शिखांच्या एकत्र उपासनेच्या जागेलाच धरमसाल म्हणत; ‘गुरुद्वारा’ हे नाव सर्रास झाले ते त्यानंतर. शीख कवी भाई गुरदास यांच्या पहिल्या ‘वार’ या दीर्घकाव्यात ‘घर घर अंदर धरमसाल’ असे जे म्हटले आहे, त्याचा अर्थ घरोघरी मुसाफिरखाने निघाले असा होत नाही. त्यामुळे जुन्या कागदात ‘धरमसाल’ आढळली की ती शिखांच्या बाजूचा पुरावा ठरू शकते, आणि मराठीत ‘धर्मशाळा’ लिहिले की तो पुरावा भाषांतरातच गळून पडतो.

पतियाळा जिल्ह्यातल्या बिलासपूर गावच्या दाव्यात हे नेमके पाहायला मिळते. तिथली जमीन ‘गुरु ग्रंथ साहिब बिराजमान धरमशाला देह’ अशा नावाने लागली होती, आणि ग्रंथसाहिब ही विधिजन्य व्यक्ती आहे, म्हणजे त्याच्या नावे मालमत्ता असू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिला. ‘बिराजमान’ म्हणजे आपले ‘विराजमान’. ‘देह’ पाहून मात्र गोंधळू नये : तो फारसी ‘देह’, म्हणजे गाव, पेशवाईतल्या गावांच्या यादीला ‘देहझाडा’ म्हणत, तोच हा शब्द.

‘डेरा’ मराठीत तंबू किंवा मातीचे मोठे भांडे. इथे तो महंत आणि त्याच्या चेल्यांचे ठाणे या अर्थी आहे. ‘मठ’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे. पण दाव्यात एक पक्ष ‘हा गुरुद्वारा आहे’ आणि दुसरा ‘हा डेरा आहे’ म्हणत असल्यामुळे मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाशी ‘उदासी साधूंचा मठ’ एवढा खुलासा द्यावा. नांदेडच्या हुजूरसाहिबच्या संदर्भात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण तिथला कारभार 1956 च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतो आणि ते स्थान शीख आहे की नाही हा तिथे वादाचा विषयच नाही.

संपादकांना तरीही वाक्य खटकत असेल, तर ‘शीख’ न काढता ते असे करावे : ‘गावकरी ज्याला गुरुद्वारा म्हणतात ते स्थान 1925 च्या कायद्याच्या अर्थाने शीख गुरुद्वारा ठरते की उदासी डेरा, हा वादाचा मुद्दा होता.’