सूक्ष्मनलिका ‘स्थिर करणे’ की ‘टिकवणे’?

पेशीविज्ञानावरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकांनी पुढील वाक्य पाठवून त्यातील शब्दयोजना योग्य आहे का, असे विचारले आहे: ‘ही प्रथिने प्राथमिक पक्ष्माभिका बांधतात आणि सूक्ष्मनलिका स्थिर करतात.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, परंतु त्यातील दोन्ही क्रियापदे वाचकाला चकवतील असे मला वाटते.

नामांना माझी हरकत नाही. सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या अतिशय बारीक नळ्या. पक्ष्म म्हणजे पापणीचे केस आणि पक्ष्माभिका म्हणजे पेशीवरची तशी दिसणारी बारीक वाढ. लॅटिनमधला ‘सिलियम’ हा शब्दही पापणीचाच असल्यामुळे ही घडण मुळाला धरून आहे. (मधला ‘म’ गाळून ‘पक्षाभिका’ लिहिले की पापणी जाऊन पंख येतो, तेवढे जपावे.)

‘बांधणे’ मात्र अडचणीचे आहे, कारण मराठीत घरही बांधतात आणि गाठही बांधतात. प्रथिने सूक्ष्मनलिकांना येऊन चिकटतात हे सांगतानाही ‘बांधली जातात’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे, त्यामुळे एकाच परिच्छेदात दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. प्राथमिक पक्ष्माभिका पेशीच्या पृष्ठभागावर एका जुन्या सेंट्रिओलपासून (पेशीतल्या नळकांड्यासारख्या छोट्या रचनेपासून) काठीसारखी वर वाढते. तिच्या आत प्रथिने तयार होत नाहीत. तिच्यातल्या सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाच्या बनतात, त्या ट्यूब्युलिनचा प्रत्येक रेणू पेशीतून आणावा लागतो. सामान टोकाकडे नेण्याचे काम कायनेसिन-२ हे वाहक प्रथिन करते आणि परत आणण्याचे डायनिन-२ हे दुसरे वाहक प्रथिन. ही ये-जा १९९३ मध्ये क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालात प्रथम दिसली. हे सगळे चित्र मनात ठेवले तर ‘उभारणे’ हेच क्रियापद शोभते.

आता मुख्य मुद्दा. ‘स्थिर’ ऐकताच मराठी माणसाला न हलणारी वस्तू दिसते, आणि प्राथमिक पक्ष्माभिका खरोखरच स्वतःहून हलत नसल्यामुळे हा गैरसमज येथे पक्का होतो. शिवाय ‘स्थिरीकरण’ हा शब्द नायट्रोजनच्या स्थिरीकरणासाठी शालेय पुस्तकांपासून रुळलेला आहे, आणि त्या प्रक्रियेचा येथे काहीही संबंध नाही. सूक्ष्मनलिकेचा धोका हलण्याचा नसून सुटून जाण्याचा असतो. साधारण २५ नॅनोमीटर जाडीची ही नळी टोकाशी रेणू जोडत वाढते आणि मध्येच भराभर उसवते. काही प्रथिने तिच्या अंगाला चिकटून हे उसवणे थोपवतात. पेशी बर्फावर ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो: पेशीतल्या बहुतेक साध्या नलिका विरघळून जातात, पण पक्ष्माभिकेच्या कण्यातील नलिका शाबूत राहतात. त्या ‘स्थिर’ राहिल्या म्हणण्यापेक्षा ‘टिकल्या’ म्हणणे मला कितीतरी अचूक वाटते. कपड्याचा रंग टिकतो, लोणचे टिकते, तशीच ही नळी टिकते. म्हणून माझी सूचना अशी: ‘ही प्रथिने प्राथमिक पक्ष्माभिका उभारण्यास मदत करतात आणि सूक्ष्मनलिका टिकवून धरतात.’

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. ‘टिकवणे’ या शब्दात हिताचा भाव आहे. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषधही सूक्ष्मनलिकांना सुटू देत नाही, पण त्यामुळे पेशीचे विभाजन अडून पडते आणि पेशी मरते. तेथे ‘टिकवते’ लिहिल्यास अर्थ उलटा जाईल. ‘सूक्ष्मनलिकांचे विघटन रोखते’ असेच लिहावे.