विमानातला कचरा वेगळा का होत नाही?

प्रश्न : विमानप्रवासात न उघडलेली लोण्याची डबी, ॲल्युमिनियमचा कॅन आणि उरलेले अन्न एकाच पिशवीत जाताना पाहिले आणि फार वाईट वाटले. यांचा पुनर्वापर का होत नाही? प्रवासी म्हणून मी काय करू शकतो?

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. मात्र यात केवळ कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा नाही. परदेशातून आलेल्या अन्नातून, विशेषतः मांस आणि दुग्धजन्य पदार्थांतून, लाळ्या-खुरकूत किंवा आफ्रिकन स्वाइन फीव्हरसारखे पशुरोग पसरू शकतात, म्हणून अनेक देशांत आंतरराष्ट्रीय विमानांतील असा कचरा जाळावा, निर्जंतुक करावा किंवा खोल पुरावा लागतो. आणि अन्नाशी मिसळलेला स्वच्छ कॅनही मग त्याच नियमात अडकतो. त्यामुळे खरा उपाय विमानातच, गोळा करतानाच वर्गीकरण करण्याचा आहे. त्यासाठी ट्रॉलीत दोन वेगळ्या पिशव्या पुरतात, पण कमी अंतराच्या उड्डाणात वेळ अपुरा पडतो, हेही मान्य करायला हवे.

माझ्या मते त्याहून मोलाचे आहे ते कचरा मुळात होऊ न देणे. जेवण नको असल्यास आगाऊ कळवावे, कारण विमानात चढलेले ताट न उघडताही बहुधा फेकले जाते. अनेक विमानतळांवर सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरची मर्यादा असते, पण ती द्रवाला, रिकाम्या बाटलीला नव्हे. म्हणून पाण्याची रिकामी बाटली सोबत न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी. कॅन परत देताना त्यात कागदी रुमाल कोंबू नये.