आधी कोणतं सांगू?

“ऑटिझमचं सांगितलं की लोक समजून घेतात. पाठोपाठ बायसेक्शुअल असल्याचं सांगितलं की म्हणतात, ते त्याच्यामुळेच वाटत असेल तुला. मग आधी कोणतं सांगू?”

माझ्याकडे थेरपीसाठी येणाऱ्या एका ३४ वर्षांच्या क्लायंटने पहिल्या भेटीत हा प्रश्न कागदावर लिहून आणला होता. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे, कारण हीच काळजी घेऊन बऱ्याच जणी येतात.

तिचं ऑटिझमचं (म्हणजे लोकांशी संवाद साधण्याची आणि आवाज, गर्दी जाणवण्याची पद्धत जन्मतःच वेगळी असण्याचं) निदान तिशी उलटल्यावर झालं. यात नवल नाही. १९४३ साली मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यांत मुली ३च होत्या, आणि पुढे कित्येक दशकं ऑटिझम म्हणजे मुलग्यांचा विषय असंच धरलं गेलं. मुली बऱ्याचदा दुसऱ्यांचं पाहून कुठे हसायचं, किती वेळ डोळ्यांत बघायचं, हे पाठ करून टाकतात. या मास्किंगमुळे त्या नजरेतून सुटतात. हिने तर जोडीला आपल्याला स्त्रियाही आवडतात हेही झाकून ठेवलं होतं. दोन गोष्टी एकाच वेळी लपवायच्या म्हणजे सोमवारी ऑफिसात कोणी सहज विचारलं, “काय केलं सुट्टीत?” की हिचा श्वास अडकायचा. खोटं तिला जमत नाही, खरं सांगायची हिंमत नाही. त्या एका प्रश्नाच्या उत्तराची तालीम ती रविवारी रात्री करायची.

पण तिला खरं लागलं होतं ते बहिणीचं बोलणं. “समोरच्याच्या चेहऱ्यावरचं तुला कळत नाही, मग प्रेम कसं कळलं?”

ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, म्हणूनच ते जास्त लागतं. समोरच्याचे न बोललेले इशारे ओळखणं आणि आपल्याला कोण आवडतं हे ओळखणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय इशारे न कळण्याचा दोष नेहमी ऑटिस्टिक माणसाच्याच पदरात का टाकायचा? स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक डेमियन मिल्टन २०१२ पासून मांडत आले आहेत की ही अडचण दुतर्फा आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणसं वाचता येत नाहीत. बहिणीला तरी हिचं कुठे कळलं होतं?

बहिणीच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र अगदीच निराधार नव्हती. बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना स्वतःच्या भावनांना नाव देणं अवघड जातं. “कसं वाटतं?” असं विचारलं की ही गप्प होते. म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला आणि तिच्या आताच्या जोडीदाराबद्दल विचारलं, “तिच्याबरोबर असताना तू वेगळं काय करतेस?” उत्तर पुढच्या भेटीत आलं, तेही लिहून: ‘तिच्याबरोबर असताना मी हेडफोन काढून ठेवते. इतक्या वर्षांत हे फक्त दोन माणसांसोबत झालं, आधीचा मित्र आणि आता ही.’ जाणीव उशिरा येते म्हणून ती चुकीची ठरत नाही.

आधीचा मित्र पुरुष, आताची जोडीदार स्त्री. यावर लोक म्हणतात, “म्हणजे तेव्हा गोंधळ होता, आता ठरलं.” उद्या जोडीदार पुरुष असला तर नेमकं उलटं म्हणतील. जोडीदार बदलला म्हणून उभयलैंगिकता, म्हणजे बायसेक्शुअल असणं, येत-जात नाही.

आणि ऑटिझमचा संबंध? ऑटिस्टिक प्रौढांमध्ये स्वतःला समलैंगिक किंवा उभयलैंगिक म्हणवणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘लोक काय म्हणतील’ याचं ओझं कमी वाटत असेल म्हणून, असा एक तर्क केला जातो. पण समजा संबंध असलाच, तरी तिचं आकर्षण खोटं कसं ठरतं? तिच्या आईने मला फोन करून विचारलं होतं, “थेरपीने दोन्ही बरं होईल का?” मी सरळ नाही म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९०मध्येच काढली. ऑटिझमही औषधाने घालवायचा आजार नव्हे. लैंगिक कल ‘दुरुस्त’ करून देतो म्हणणाऱ्यापासून दूरच राहावं, मग त्याच्या भिंतीवर कितीही पदव्या लटकत असोत.

राहिला तिचा मूळ प्रश्न. तिला नियम हवा होता: सगळ्यांना सगळं, नाहीतर कोणालाच काही नाही. आम्ही त्याऐवजी एक तक्ता केला. कोणाला सांगायचं, कशासाठी, त्या माणसाकडून काय हवं, आणि बिनसलं तर काय करायचं. यातला ‘कशासाठी’चा रकाना सगळ्यात उपयोगी ठरला. ऑफिसात ऑटिझमचं सांगितलं, कारण सूचना लेखी हव्या होत्या आणि बसायला शांत कोपरा हवा होता. जोडीदाराबद्दल वेगळी घोषणा नाही. सोमवारच्या प्रश्नाला “पार्टनरबरोबर होते, ती आणि मी भटकलो” एवढंच. आईला दोन्ही गोष्टी पत्रातून, समोरासमोर नाही.

“हे लपवणंच झालं ना?” तिने अडवलं. मी म्हणाले, खोटं बोलावं लागत असेल तर ते लपवणं. “त्याबद्दल मी इथे बोलत नाही” असं म्हणता येत असेल तर तो तुझा खाजगीपणा. ते वाक्य तिने माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं, बऱ्याच वेळा. (तिला सराव आवडतो. मलाही.)

एक सावधगिरी मी अशा प्रत्येकीला सांगते. “कोणाला सांगणार नाही” या शब्दावर ऑटिस्टिक व्यक्ती पटकन विश्वास ठेवू शकते. घरात मारहाणीची भीती असेल किंवा पैशासाठी त्याच घरावर अवलंबून असाल, तर आधी हाताशी थोडे पैसे, एक सुरक्षित जागा आणि एक खात्रीचं माणूस. सांगणं त्यानंतर.

आपल्यासारखी माणसं शोधायला ती एका प्राइड मोर्च्यात, म्हणजे समलैंगिक, उभयलैंगिक अशा लोकांच्या मोर्च्यात, गेली आणि ढोल सुरू होताच परतली. “तिथेही मी बसत नाही,” म्हणाली. आता ती एका छोट्या ऑनलाइन गटात असते, जिथे सगळं लिहूनच बोलतात.

आईने पत्राला उत्तर पाठवलं आहे, रागाचं नाही, प्रश्नांचं. बहीण आता टोमणे मारत नाही, पण जोडीदाराला घरी बोलावतही नाही. बोलावणं येण्याची वाट बघायची की सरळ विचारायचं, हा आमच्या पुढच्या भेटीचा विषय आहे. तिचं मत सरळ विचारावं असं आहे, आणि प्रश्न तिने लिहूनही ठेवला आहे.