रात्री पाणी द्यायला जाताना डोळ्यात काय होतं?

प्रश्न: आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस रात्रीची असते, त्यामुळे दहा-साडेदहाला मोटर चालू करायला विहिरीवर जावं लागतं. घरातल्या ट्यूबलाईटमधून बाहेर पडलं की आधी काहीच दिसत नाही, पण पंधरा-वीस मिनिटांनी बांध, पाट, अगदी कांद्याचे वाफेसुद्धा दिसायला लागतात. चुलते म्हणतात निघायच्या आधी थोडा वेळ एक डोळा मिटून ठेव. यात तथ्य आहे का? – एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर: चुलत्यांचं शंभर टक्के बरोबर आहे! बहुतेक लोक सांगतात की अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते म्हणून दिसतं. ती होतेच, साधारण २ मिलीमीटरची ७-८ मिलीमीटर होते, पण तेवढ्याने उजेड फार तर बारा-सोळा पट आत येतो आणि हे काम मिनिटाच्या आतच उरकतं, मग पुढची पंधरा मिनिटं डोळा करतो काय?

खरं काम डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात चालतं. तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात, दिवसाच्या उजेडाला आणि रंगाला कोन, सुमारे ६० लाख, आणि अंधुक उजेडाला रॉड, सुमारे १२ कोटी. एक रॉड घ्या. त्याच्यात भाकऱ्यांची चवड लावावी तशा हजारभर पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्या चकत्यांवर ऱ्होडॉप्सिनचे मिळून दहा कोटींच्या आसपास रेणू. ऱ्होडॉप्सिन म्हणजे ऑप्सिन नावाचं प्रथिन आणि त्याच्या पोटात बसलेला रेटिनल हा छोटा रेणू, जो अ जीवनसत्त्वापासून बनतो. हा रेटिनल वाकडा असतो, उजेडाचा एक कण लागला की सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही आत तो सरळ होतो, त्याच्या धक्क्याने ऑप्सिनचा आकार बदलतो आणि पुढे साखळी सुरू होते. मला यात सगळ्यात भारी वाटते ती ही गोष्ट की रॉड अंधारातच सारखा बोलत असतो, उजेड पडला की गप्प होतो, आणि ते गप्प होणं म्हणजेच मेंदूला मिळालेला निरोप.

पण सरळ झालेला रेटिनल परत कामाचा नसतो. तो ऑप्सिनमधून सुटतो, शेजारच्या पेशींच्या थरात जातो, तिथे पुन्हा वाकडा होऊन परत येतो. तोपर्यंत रिकामं ऑप्सिन बारीक सिग्नल देतच राहतं, म्हणून रॉडला वाटत राहतं की अजून उजेडच आहे. तुमची ती पंधरा-वीस मिनिटं यातच जातात. भर उन्हातून थेट काळोखात गेलं तर रॉड पूर्ण जमायला तीस-चाळीस मिनिटं लागतात.

हे नुसत्या डोळ्यांनी बघितलं गेलंय. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञांनी अंधारात ठेवलेल्या बेडकाच्या डोळ्याचा पडदा काढला तर तो लालभडक होता, आणि उजेडात बघता बघता पिवळट होऊन फिका पडला. तो लाल रंग म्हणजे ऱ्होडॉप्सिन! रेटिनलचा हा सगळा फेरा उलगडणारे जॉर्ज वाल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल मिळालं.

प्रत्येक डोळ्याचा हा हिशोब वेगळा चालतो, त्यामुळे मिटलेला डोळा घरातच अंधाराला तयार होतो. पण म्हणून बॅटरी न घेता विहिरीवर जाऊ नका, पायात गमबूट घाला, साप रॉडला दिसेपर्यंत थांबत नाही.

प्रश्न: अंधूक चांदणीकडे सरळ बघितलं की ती गायब होते, जरा बाजूला बघितलं की दिसते, असं का?

उत्तर: पडद्याच्या अगदी मध्यभागी, जिथे आपण नजर रोखतो तिथे, रॉड नसतातच, नुसते कोन, आणि कोनला एवढा कमी उजेड पुरत नाही. बाजूला बघितलं की चांदणी रॉडवर पडते. आकाश बघणारे लोक बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावतात तेही याचसाठी, ऱ्होडॉप्सिन गडद लाल उजेड जवळपास घेतच नाही, त्यामुळे रॉडची अंधाराची तयारी मोडत नाही. तिन्हीसांजेला जास्वंद काळी आणि तिची पानं उजळ दिसतात ना, कारण तेच.

प्रश्न: माझी पुतणी चार वर्षांची आहे. संध्याकाळ झाली की उंबऱ्याला अडखळते, ताट चाचपडते. सासूबाई म्हणतात गाजर द्या, होईल बरं. काय करू? – एक काकू

उत्तर: ताई, गाजर द्या, पण त्याची वाट बघत बसू नका, याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं की ऑप्सिन तयार असतं पण पोटात बसायला रेटिनलच नसतो, आणि पहिला फटका रॉडला बसतो, म्हणजे रातांधळेपणा. तेव्हाच उपचार झाला तर नजर लवकर सुधारते, दुर्लक्ष झालं तर बुबुळ कोरडं पडून कायमचं आंधळेपण येऊ शकतं, वाचवता येण्यासारखी असताना मूल नजर गमावतं याचं मला फार वाईट वाटतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसतोय का बघा. हल्ली गोवर किंवा लांबलेले जुलाब झाले होते का आठवा. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस असतो, असे एकूण नऊ, त्यातले किती झालेत ते आशाताईंकडून किंवा अंगणवाडीतून कार्डावर बघून घ्या आणि ते कार्ड डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून कॅप्सूल आणून मनाने देऊ नका, हे जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि जास्त झालं की अपाय करतं. आणि घरात आणखी कुणाला लहानपणापासून रात्री कमी दिसत असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण ऱ्होडॉप्सिनच्या किंवा रॉडच्या दुसऱ्या एखाद्या जीनमध्ये बिघाड असला तरी सुरुवात अशीच होते आणि त्याची तपासणी वेगळी असते.